डब्यातल्या परक्या शेंगा

१

डब्याचं झाकण निघालं, मेणकागद बाजूला झाला, आणि आतल्या काळ्याभोर, तुळतुळीत व्हॅनिलाच्या शेंगा बघून सगळ्यांचे चेहरे उजळले. अवंतिकाने त्यातली एक उचलली, नाकाखाली धरली आणि डोळे मिटले. ते तिने बराच वेळ उघडलेच नाहीत.

मंगळवार पेठेतलं बाळासोंचं घर आणि माझं घर यांच्यामध्ये एकच भिंत आहे. त्या सकाळी त्यांनी मला मुद्दाम बोलावून घेतलं होतं. माझं तिथे काही काम नव्हतं; निवृत्त ग्रंथपालाचं कुठेच फारसं नसतं. पण बाळासो म्हणाले, "सर, तुमी नुसतं बसा. पुस्तकातलं झाड डब्यात आलंय, ते तुमी बगायला पायजे."

त्यांची थोरली बहीण आक्का पलंगावर पाय वर घेऊन बसली होती. सून क्रांती चहाचे कप घेऊन दारात उभी होती. मुलगा पृथ्वीराज चौकटीला टेकून होता. आम्ही सगळे डब्याकडे बघत होतो. तो एकटा अवंतिकाच्या चेहऱ्याकडे बघत होता. हे मला तेव्हाच दिसलं, पण दिसलेल्या गोष्टीवर विश्वास ठेवायला मला नेहमीच उशीर होतो.

अवंतिकाने डोळे उघडले. ताराबाई पार्कात तिचा चॉकलेट बनवायचा छोटा कारखाना आहे. मुलगी तिशीची, पण नाक म्हाताऱ्या अत्तरवाल्याचं.

"काका," ती म्हणाली, "ह्या तुमच्या बागेतल्या शेंगा नाहीत."

बाळासो हसले. "माज्या न्हाईत तर काय आभाळातनं पडल्या?"

"चेष्टा नाही करत. तुमचे वेल तुम्ही शिरसीकडून आणलेत. त्या जातीला प्लॅनिफोलिया म्हणतात. मादागास्करमध्ये, रियुनियन बेटावर, युगांडात, आपल्याकडे केरळ-कर्नाटकात, सगळीकडे तीच असते. सडपातळ शेंग, पिकली की टोकाला उकलते, आणि वास गोड, दुधाळ. ही बघा. जाड, चपटी, कुठेही उकललेली नाही. वास फुलांचा येतोय, थोडा बडीशेपेसारखा. ही ताहितीची जात. ताहितीत होते, पापुआ न्यू गिनीत होते. आजऱ्याच्या डोंगरात एका रात्रीत नाही होत."

क्रांतीच्या हातातला एक कप बशीवर किणकिणला.

"म्हंजे मी बाजारातनं आणून तुज्यापुढं ठिवल्या?" बाळासोंनी सावकाश विचारलं.

"तसं मी म्हणत नाही. पण पाकिटावर तुमचं नाव आणि तुमच्या गावाचं नाव घालायचं ठरलंय. खोटं मी छापणार नाही. उद्या संध्याकाळी येते. काय झालं ते तेव्हा मला खरं सांगा."

ती गेल्यावर बाळासोंनी डबा बंद केला, अगदी जपून, जणू तो अजूनही त्यांचाच होता.

"पृथ्वी," ते म्हणाले, "माणसं सांगून ठेव. परवा वेल काडून टाकू. लाव तुजं काजू."

२

ती बाग काय होती हे सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

मागे एकदा व्हॅनिलाला सोन्याचा भाव आला होता. आजऱ्याकडे कित्येकांनी वेल लावले. भाव पडला तेव्हा सगळ्यांनी ते उपटून फेकले. बाळासोंनी ठेवले. गिरीपुष्पाच्या झाडांवर चढलेल्या त्या वेलांच्या फुलांत ते उन्हं चढायच्या आत काडीने एकेका फुलाचं लग्न लावत, कारण आपल्याकडे ते काम करणारी माशी नाही आणि फूल दुपारी मिटतं ते कायमचं. लोक हसत. पृथ्वीराज सगळ्यांत जास्त हसे. शेवटी बापलेकांत ठरलं, की या वर्षीच्या शेंगा अवंतिकाने घेतल्या तर बाग राहील, नाहीतर काजू.

माझा या सगळ्याशी संबंध एवढाच, की फार पूर्वी बाळासो आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयात व्हॅनिलावरचं पुस्तक शोधत आले होते. ते इंग्रजीत होतं, म्हणून मी त्यांना वाचून दाखवायचो. त्या वाचनात आम्ही दोघं खुर्च्यांवरून न हलता मेक्सिकोच्या रानात जाऊन आलो. वेस्ट इंडीजमध्ये पॉम्पोना नावाची जात पाहिली, केळ्यासारखी बुटकी, जाड. मला झाडाचं एक पानही ओळखता आलं नसतं, पण नावं पाठ झाली.

डोंगरात धुकं फार, म्हणून शेंगा सुकवायचं काम बाळासो इथे, पेठेतल्या गच्चीवर करत. गरम पाण्यात बुडवलेल्या शेंगा दुपारी उन्हात मांडायच्या आणि गरम असतानाच घोंगड्यात गुंडाळून ठेवायच्या, म्हणजे त्यांना घाम फुटतो आणि वास जागा होतो. पुस्तकात लोकरीचं ब्लँकेट म्हटलं होतं. बाळासोंनी आक्काचं जुनं, मऊ पडलेलं घोंगडं घेतलं.

गेल्या थंडीत त्या गच्चीवरून वास उतरायचा आणि माझ्या खिडकीतून आत यायचा. मी दुपारी पुस्तक छातीवर ठेवून झोपायचो आणि स्वप्नात कुठल्या कुठे जायचो. शिडांची गलबतं दिसायची. पेठेतल्या गल्लीला समुद्र लागायचा आणि त्यात रंकाळ्यावरच्या भेळेच्या गाड्या संथ तरंगायच्या. उठल्यावर मी हे कुणाला सांगत नसे.

मग संक्रांतीच्या सुमाराला स्वप्न बदललं. समुद्राच्या जागी ग्रंथालयाचं तळघर यायला लागलं. एका महापुरात तिथं पाणी शिरलं होतं. भिजलेली पुस्तकं स्वप्नात फुगून मांजरांसारखी श्वास घेत होती, आणि त्यांच्या पाठींवर पांढरी लव उगवली होती. असं दोन-तीन दुपारी झालं. मी ते वयाच्या खाती टाकलं. नंतर स्वप्नंच थांबली.

डबा उघडला त्या दुपारी क्रांती भिंतीपलीकडून हाक मारून आत आली.

"सर, मामा जेवत न्हाईत. भिंतीकडं तोंड करून पडल्यात. म्हणत्यात, मी चोर ठरलो. तुमी तेवढं बगा की."

"मी काय बघणार, क्रांती? मला पोलिसांचं काही कळत नाही."

"पोलीस कशाला? तुमास्नी शेंगांचं कळतंय न्हवं?"

मला शेंगांचंही कळत नाही हे तिला सांगायचं धैर्य झालं नाही. मी चष्मा पुसला आणि तिच्यामागे निघालो. जाताना टेबलावरचं भिंग मात्र उचललं. बारीक टाइप वाचायला ते मला लागतंच.

३

स्वयंपाकघरात क्रांतीने माझ्यासमोर डबा उघडला. मी भिंगातून एकेक शेंग बघितली. काय शोधतोय हे मलाच माहीत नव्हतं. शेंगा सुरेख होत्या. स्वच्छ, चमकदार, एकसारख्या.

"किती स्वच्छ आहेत," मी उगाच म्हणालो.

क्रांतीने एकदम माझ्याकडे बघितलं. मग आत जाऊन तिने एक बारीक चिमटा आणला. तिचं माहेर हुपरीचं. वडिलांच्या घरी पैंजणं घडवतात; चिमटा तिथला होता.

"सर, आपल्या शेंगेला तेल सुटतंय. घोंगड्याची काळी लोकर तिला चिकटतीया. मी रोज संध्याकाळी ह्या चिमट्यानं एकेक केस काडत बसायची. कितीबी काडा, एखाददुसरा ऱ्हातोयच."

मी पुन्हा भिंग धरलं. एकाही शेंगेवर लोकरीचा केस नव्हता. या शेंगांनी घोंगडं कधी पाहिलंच नव्हतं.

"आणि वास?" मी विचारलं.

"वास आपला न्हवंच. मी दारातनंच वळखला. लग्नातल्या अत्तरावानी. पण मामांच्या तोंडाकडं बगून बोलले न्हाई."

"डबा कुणी भरला?"

"ह्यांनी. संक्रांतीला मी हुपरीला गेलते. आल्यावर बगते तर डबा भरून, चिकटपट्टी लावून तयार. म्हणाले, चैतापतुर उगडू नको, मुरू दे."

"तू गेलीस तेव्हा शेंगा घोंगड्यात होत्या?"

"व्हय. म्हंजे..." ती थांबली. "जायच्या आदी मी जुनं घोंगडं धुऊन टाकलतं. लई तेलकट झालतं. वाळलं नसंल तवर."

मग त्या दिवसांत शेंगा कशात गुंडाळल्या होत्या?

मी आक्कांच्या खोलीत गेलो. त्या जपमाळ ओढत होत्या, पण लक्ष सगळं स्वयंपाकघरात होतं.

"या नरसू मास्तर. चोर घावला?"

"माझं नाव नृसिंह आहे, आक्का, आणि मी मास्तर नव्हतो."

"पुस्तकं वाटायचा ते वाटायचाच की. बसा."

मी बसलो. खोलीत गोड, दुधाळ वास होता. थंडीभर या घरात हाच वास फिरत होता, तो माझ्याच नाकात राहिला असणार असं मला वाटलं. गच्ची तर केव्हाची रिकामी होती.

"संक्रांतीच्या वेळी शेंगांवर लक्ष कोण ठेवत होतं?"

"पृथ्वी. बाळासो बागंत, पोरगी म्हायेरी. म्या म्हटलं, हा कुटला लक्ष ठिवतोय. पण बसला बाबा गच्चीवर. बापापुढं वेलाला शिव्या देतंय आणि मागनं शेंगांवरनं हात फिरवतंय. त्येच्या बापाचाच गुण, तोंड वायलं आणि हात वायला."

"घोंगडं कुठलं होतं?"

आक्कांनी जपमाळ मांडीवर ठेवली. "आता इचारताय तर सांगते. पट्टणकोडोलीच्या जत्रंतनं त्यानं नवं घोंगडं आणलतं. ताठ, टोचणारं. मला वाटलं माज्यासाठी आणलंय. म्या चार दिस वाट बगितली. दिलंच न्हाई. मग ते घोंगडंच दिसंना. आता कुणाला दिलंन ते त्यालाच ठावं."

मी उठलो आणि पुन्हा बसलो. ते ताठ घोंगडं माझ्या डोक्यात हळूहळू उलगडत होतं, आणि त्याच्या घडीतून ओल्या पुस्तकांचा वास येत होता.

४

पृथ्वीराज गच्चीवर कठड्याला टेकून मोबाइल बघत होता. वेल काढायच्या माणसांना त्याने सांगून ठेवलं होतं, पण त्यांचा नंबर अजून पडद्यावर होता.

ऊन कडक होतं. खाली पेठ दुपारची डुलकी घेत होती. मला वाटत होतं, आपण चुकत असू तर बरं होईल.

"पृथ्वीराज, मी काही तरी बोलतो. चुकीचं असेल तर सरळ सांग."

"बोला की, सर."

"चोर असता तर त्याने डबा रिकामा ठेवला असता, नाहीतर चिंचोके भरले असते. वैरी असता तर कुजक्या शेंगा घातल्या असत्या. इथे कुणी तरी जास्त महाग, जास्त देखण्या शेंगा आणून ठेवल्या. म्हणजे डबा उघडल्यावर बाळासोंचं कौतुक व्हावं अशी त्याची इच्छा होती. आणि त्याला शेंग डोळ्यांनी पारखता येत होती, नाकाने नाही. क्रांतीला नाकाने कळतं. आक्का मोबाइलवर काही मागवत नाहीत."

मोबाइल खिशात गेला.

"मूळच्या शेंगा का गेल्या, हे मला स्वप्नात कळलं होतं. पण मी ते स्वप्नच समजलो. पुस्तकाच्या बांधणीला खळ लावतात. आमचा बाइंडर तिच्यात मोरचूद घालायचा, नाहीतर बुरशी येते. एका वर्षी तो विसरला आणि पावसाळ्यात कपाटंच्या कपाटं पांढरी झाली. नव्या घोंगड्याला ताठ करायला चिंचोक्याची खळ लावतात ना? घाम फुटलेल्या गरम शेंगा त्यात गुंडाळल्या, की ती खळ..."

"सकाळी उगडलं तवा जाळी धरलती," पृथ्वीराज म्हणाला. आवाज इतका बारीक होता, की मला पुढे झुकावं लागलं. "पांडरी. कोळ्याच्या जाळ्यागत. पुसलं, वाळवलं, परत धरली. समद्या गेल्या, सर. आबांच्या समद्या."

"म्हणजे घोंगडं तू त्यांच्यासाठी..."

"आक्काचं घोंगडं इरलं व्हतं. म्हटलं, आबांच्या शेंगास्नी चांगलं असावं. मनात म्हटलं, एकदा त्यांच्या मनासारखं करू." तो कठड्यावरचा चुन्याचा पोपडा नखाने काढत राहिला. "आन त्यातच घात झाला. मग मोबाइलवर बगितलं. ज्या सगळ्यात जाड, सगळ्यात चकचकीत व्हत्या, त्याच मागवल्या. मला काय ठावं त्यात जाती असत्यात. शेंग ती शेंग."

"आणि बुरशीच्या?"

"बागंत नेऊन पुरल्या. वेलाच्याच बुडात. कचऱ्यात टाकवंना."

खालून कुठून तरी भांडं पडल्याचा आवाज आला आणि थांबला.

"आबांना सांगू नका, सर. म्हणतील, मुद्दाम केलंस, बाग घालवायला. आजवर मी बोललोयच तसं."

"मी सांगणार नाही," मी म्हणालो. "पण नाही सांगितलंस तर परवा ते स्वतःला चोर समजून वेल तोडतील. आणि अवंतिका त्यांना खोटारडा समजून जाईल. ते तुला चालेल का, हे मला माहीत नाही. मी तुझ्या जागी असतो तर मला भीती वाटली असती. मला वाटतेच."

तो जिन्याकडे गेला. पहिल्या पायरीवर थांबला. माझ्याकडे न बघता म्हणाला, "तुमी या संगं. नुसतं हुबं ऱ्हावा."

५

बाळासो उठून बसले होते; आक्का आणि क्रांतीही तिथेच होत्या. पृथ्वीराजने सगळं उभ्यानेच सांगितलं, जमिनीकडे बघत, एकदाही न थांबता.

"घोंगडं कुटाय?" बाळासोंनी विचारलं.

"माळ्यावर."

"आण."

त्याने आणलं. काळं, ताठ, घडी मोडताना करकरणारं. बाळासोंनी त्याची कड अंगठ्याने चोळली, नाकाला लावली.

"न धुताच गुंडाळलंस व्हय रं?"

"मला काय म्हाईत."

"मला इचारायचं."

"तुमाला इचारलं असतं तर मग ते तुमच्यासाटी आणलं कसं म्हणायचं?"

बाळासोंनी घोंगडं मांडीवर पसरलं आणि त्यावरून हात फिरवत राहिले. आक्कांनी म्हटलं होतं तसंच, तोंड आणि हात वेगळे.

"म्हंजे माजं न्हवतंच ते," पलंगावरून आक्का म्हणाल्या. "उगं आस लावून बसले."

"पण आता दाखवायचं काय?" क्रांती म्हणाली. "अवंतिकाताईला सांगितलं तरी त्यांना शेंग बगायला पायजे. एक बी न्हाई ऱ्हायली."

तेव्हा मला आक्कांच्या खोलीतला वास आठवला. गोड. दुधाळ. रिकाम्या गच्चीनंतर इतक्या दिवसांनी. मी माझ्या नाकाला दोष दिला होता. तोंड उघडावं की नाही, कळेना. बाईमाणसाच्या पेटीबद्दल कसं बोलायचं?

"आक्का," मी शेवटी म्हणालो, "तुमच्या लुगड्यांत तुम्ही डांबरगोळ्या ठेवत नाही का?"

आक्कांनी माझ्याकडे असं बघितलं, की मी खिडकीकडे बघायला लागलो.

"नरसू मास्तर, तुमी दिसता तेवढं भोळं न्हाई." त्या उठल्या. "डांबरगोळीनं डोकं उटतंय माजं. पौषाच्या आदी मूठभर शेंगा घेतल्या. बाळासोच्याच हायत. भनीनं घेतलं तर त्याला काय चोरी म्हणत्यात?"

आम्ही त्यांच्यामागे त्यांच्या खोलीत गेलो. ट्रंक उघडली. नऊवारी लुगड्यांच्या घड्यांमधून एक जुनं धडपं निघालं. ते उलगडलं आणि क्रांती मागे सरली. शेंगा सडपातळ होत्या, टोकाला उकललेल्या, एकदोन काळे केस चिकटलेल्या. आणि त्यांच्यावर पांढरं काही तरी पसरलं होतं.

"ह्यास्नी बी धरली," पृथ्वीराज म्हणाला.

मी भिंग धरलं. शेंग उन्हात खिडकीच्या चौकटीवर ठेवली. बुरशी मी आयुष्यभर बघितली आहे. ती कापसासारखी, निस्तेज असते. हे वेगळं होतं. उन्हात ते सुईच्या टोकांसारखं चमकत होतं.

"मला वाटतं," मी म्हणालो, "पण मी चुकत असेन, ही बुरशी नाही. पुस्तकात होतं. फार चांगली मुरलेली शेंग आपलाच वास बाहेर टाकते आणि त्याचे स्फटिक होतात. दंव पडल्यासारखे. बाळासो, आपण वाचलं होतं."

बाळासोंनी शेंग हातात घेतली. "व्हय," ते म्हणाले. "पावसाळ्यात. लाईट गेलती आन तुमी कंदील धरलता."

दुसऱ्या संध्याकाळी अवंतिका आली. पृथ्वीराजने तिला पुन्हा सगळं सांगितलं. या वेळी तिच्याकडे बघत. तिने धडप्यातली शेंग उचलली आणि डोळे मिटले. पंख्याचा आवाज, आक्कांची जपमाळ, रस्त्यावरची रिक्षा. मी मनातल्या मनात एका लांबच्या बेटावर जाऊन किनाऱ्यावर उभा राहिलो, कारण खोलीत उभं राहणं अवघड होतं.

"ताहितीच्या शेंगेला असं दंव सहसा येत नाही," तिने डोळे उघडून सांगितलं. "हिला आलंय. आणि लुगड्याचाही वास आहे थोडा."

"लुगडं धुतलेलं व्हतं," आक्का म्हणाल्या.

"चांगला वास म्हणतेय, आजी. एवढ्यात चॉकलेटचा एक छोटा घाणा होईल. बाकी पुढच्या वर्षी घेईन. काका, गावाचं नाव कसं लिहायचं ते सांगा."

बाळासो सांगायला लागले आणि मधेच थांबले. उरलेलं नाव पृथ्वीराजने सांगितलं. मग तो बाहेर गेला. वेल काढायला येणाऱ्या माणसांना तो फोनवर म्हणत होता, "नगा येऊ. न्हाई, कदीच नगा."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी नेहमीसारखा पुस्तक घेऊन पडलो. डोळा लागेना. खिडकीतून ओल्या लोकरीचा वास येत होता. उठून बघितलं, तर गच्चीवर बादलीतून काढलेलं ते काळं घोंगडं निथळत होतं. एका टोकाला बाळासो, दुसऱ्या टोकाला पृथ्वीराज, दोघं उलट्या बाजूंनी पीळ देत होते, आणि मधून खळीचं पांढुरकं पाणी गळत होतं.

"आवळ की जरा," बाळासो म्हणत होते. "जेवला न्हाईस का?"

"तुमी जेवलाय न्हवं? मग तुमीच आवळा."

पाणी जिन्यावरून खाली येत माझ्या भिंतीपर्यंत आलं. मग हळूहळू स्वच्छ होत गेलं.